मिठीचं यंत्र आणि विज्ञानाचे सर

गुरांच्या दवाखान्याच्या आवारात लोखंडी नळ्यांचा खोडा असतो. लस टोचताना जनावर हलू नये म्हणून त्याला त्यात उभं करतात. अमेरिकेतल्या गुरांच्या मोठ्या फार्मवर याचाच एक सुधारलेला प्रकार वापरतात. त्याच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या आत सरकतात आणि जनावराचं अंग दोन्हीकडून दाबून धरतात. १९६०च्या दशकात ॲरिझोना राज्यात नातेवाइकांच्या फार्मवर सुट्टीला गेलेल्या एका शाळकरी मुलीनं हे पाहिलं. आत शिरेपर्यंत बिथरलेली काही गुरं फळ्यांचा दाब बसला की शांत होतात, हे तिच्या लक्षात आलं. तिनं घरच्यांना गळ घातली आणि ती स्वतःच त्या खोड्यात जाऊन उभी राहिली. तिला सतत छळणारी भीती त्या दाबानं काही वेळ ओसरली. पुढे अठराव्या वर्षी तिनं लाकडाच्या फळ्या जोडून माणसासाठी तसंच एक यंत्र बनवलं. त्याला आपण मिठीचं यंत्र म्हणू.

या मुलीचं नाव टेंपल ग्रँडिन. जन्म १९४७, बोस्टन. साडेतीन वर्षांची होईपर्यंत ती बोलत नव्हती. तिला ऑटिझम, म्हणजे आपण मराठीत ज्याला स्वमग्नता म्हणतो ती, असल्याचं पुढे स्पष्ट झालं. आज त्या कोलोराडो राज्य विद्यापीठात पशुविज्ञानाच्या प्राध्यापक आहेत. गुरं हाताळण्याच्या सोयींची रचना करणाऱ्या तज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव जगभर आहे. त्यांचं ‘थिंकिंग इन पिक्चर्स’, म्हणजे चित्रांमधून विचार करणं, हे पुस्तक १९९५ साली निघालं. मज्जाविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांची त्याला प्रस्तावना आहे. समावेशक शाळांबद्दल शिक्षकांमध्ये बोलणं निघालं की या पुस्तकाचं नाव हमखास येतं. म्हणून ते शिक्षकाच्या नजरेनं नीट तपासायला हवं. त्यातलं काय वर्गात न्यायचं आणि काय पुस्तकातच ठेवायचं, हे ठरवलं नाही तर चांगल्या पुस्तकानंही नुकसान होऊ शकतं.

आधी पुस्तकाचं बळ कशात आहे ते पाहू. ऑटिझमवर तोवर जे लिहिलं गेलं होतं, ते बहुतेक बाहेरून पाहणाऱ्यांनी लिहिलेलं होतं. मूल डोळ्याला डोळा देत नाही, तेच तेच करतं, हाक मारली तर वळत नाही, अशा नोंदी त्यात असत. ग्रँडिन बाईंनी आतून काय वाटतं ते सांगितलं. तेसुद्धा भावनेनं ओथंबून नव्हे, तर प्रयोगवहीतल्या निरीक्षणांसारखं. लहानपणी मोठी माणसं भरभर बोलू लागली की त्यांना फक्त स्वर ऐकू येत, व्यंजनं हरवून जात. मोठ्यांची काही वेगळीच भाषा असावी, असं त्यांना वाटे. वाचा-उपचार करणाऱ्या बाई शब्दातलं व्यंजन लांबवून, ठासून म्हणत, तेव्हा कुठे शब्द हाती लागत. मोठा आवाज झाला की दाताच्या डॉक्टरांचं यंत्र थेट नसेला लागल्यासारखं वाटे. फुगा फुटेल या धास्तीनं वाढदिवस नकोसा होई. रविवारचे कडक कपडे अंगाला कानसासारखे घासत.

आता आपल्या वर्गाकडे वळू. सिमेंटच्या उघड्या भिंती, वर पत्रा, साठ मुलं, आणि दाराशीच लोखंडी तुकड्यावर घणघणणारी घंटा. अशा खोलीत आवाज शोषला जात नाही, भिंतींवरून परतून येत राहतो. बाईंचा शब्द आणि त्याचा आधीच्या शब्दाशी मिसळलेला प्रतिध्वनी दोन्ही एकदम कानावर पडतात. आपला मेंदू त्यातून हवं ते वेचून घेतो आणि बाकीचं टाकून देतो. हे इतकं आपोआप होतं की ते काम आहे, हेच आपल्याला ठाऊक नसतं. ग्रँडिन बाईंचं म्हणणं असं, की त्यांच्या कानाचा मायक्रोफोन कायम मोठ्या आवाजावर अडकलेला होता. एक तर सगळं ऐकून बुडून जायचं, नाही तर तो पूर्ण बंद करायचा. तिसरा पर्याय नव्हता. उजेडाचंही असंच. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असते. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. बहुतेकांना ते जाणवत नाही. काही ऑटिस्टिक माणसांना ही लुकलुक असह्य होते, असं बाई नोंदवतात.

हे वाचल्यावर मला आपल्या मराठी शब्दाचाच विचार पडला. ‘स्वमग्न’ म्हणजे स्वतःत बुडालेला. मूळ शब्दही तसाच आहे. ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेगळ्याच मानसिक आजाराच्या संदर्भात बनवला. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन करताना तो या स्थितीसाठी वापरला. म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला जे वाटलं तेच नाव झालं, आणि आपण त्याचं इमानदारीनं भाषांतर केलं. पण कानांवर हात दाबून बाकाखाली बसलेलं मूल खरंच स्वतःत बुडालेलं असतं का? या पुस्तकाप्रमाणे तर ते बाहेरच्या जगात बुडत असतं आणि कसाबसा श्वास घेण्यासाठी आत पळतं. शब्द रूढ झाला आहे, कायद्याच्या आणि शाळेच्या कागदांवर आहे, तो मीही वापरतो. पण त्यातलं गृहीत मनात शिरू देऊ नये. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञांनी २०१२ साली मांडलं, की न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंची असते. त्या मुलाला आपण कळत नाही, तसंच आपल्यालाही ते मूल कळत नाही. मात्र शेरा एकाच्याच प्रगतिपुस्तकावर पडतो.

पुस्तकातला शिक्षकांनी पुन्हा पुन्हा वाचावा असा भाग मिठीच्या यंत्राचा आहे. साध्या शाळेतून टेंपलला काढून टाकलं होतं. चिडवणाऱ्या मुलीला तिनं पुस्तक फेकून मारलं होतं. पुढे न्यू हॅम्पशायरमधल्या एका निवासी शाळेत तिला घातलं. तिथे ती या यंत्राच्या मागे लागली. दुसरं काही सुचेना, दुसरं काही बोलेना. मानसशास्त्रज्ञांना हे लक्षण बरं वाटलं नाही. यंत्र काढून घ्यावं, असं त्यांचं मत पडलं. विज्ञानाचे शिक्षक विल्यम कार्लॉक यांनी उलटं केलं. यंत्रानं तुला बरं वाटतं ना, मग का वाटतं ते शोध, असं त्यांनी तिला सुचवलं. त्यासाठी विज्ञान शिकावं लागेल, अभ्यास करावा लागेल, कॉलेजात जावं लागेल. त्यांनी तिला ग्रंथालयात शोधनिबंधांच्या सूची कशा पाहायच्या ते शिकवलं. अभ्यासाचं वावडं असलेली मुलगी स्पर्श, दाब आणि मज्जासंस्था यांवरचे निबंध वाचू लागली. तिथून पुढची वाट १९८९ सालच्या डॉक्टरेटपर्यंत गेली.

कार्लॉक यांनी इथे नेमकं काय केलं? त्यांनी यंत्राची बाजू घेतली असं नाही. यंत्र चांगलं की वाईट, हा वाद त्यांनी घातलाच नाही. त्यांनी त्या ध्यासाकडे निरीक्षण म्हणून पाहिलं. एखादी गोष्ट घडते आहे, मग तिचं कारण काय? हा प्रश्न तर आपण विज्ञानाच्या तासाला रोज विचारतो. पण समोरचं मूल विचित्र वागू लागलं की तो आपल्याला आठवत नाही. तेव्हा आपण न्यायाधीश होतो.

इतकं कौतुक केल्यावर आता तक्रारी.

पहिली तक्रार पुस्तकाच्या नावाबद्दल. बाई चित्रांमधून विचार करतात, यात शंका नाही. कुत्रा म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे कुत्र्याची सर्वसाधारण कल्पना येत नाही. आजवर पाहिलेले एकेक कुत्रे ओळीनं येतात. एखादी रचना त्या आधी डोक्यात उभी करून, फिरवून, चालवून पाहतात. पण १९९५च्या आवृत्तीत त्यांनी हे स्वतःपुरतं न ठेवता बहुतेक सगळ्या ऑटिस्टिक माणसांना लागू केलं. एका उदाहरणावरून नियम काढू नये, हे आपण आठवीच्या मुलांना सांगतो. बाईंच्या श्रेयाची गोष्ट ही, की चूक त्यांच्या लक्षात आली आणि २००६च्या आवृत्तीत त्यांनी ती कबूल केली. काही जण चित्रांतून, काही आकृतिबंधांतून (गणित किंवा संगीत), तर काही शब्दांतून विचार करतात, अशी तीन गटांची मांडणी त्यांनी केली. तीही ढोबळच आहे. पण ही दुरुस्ती फार थोड्यांपर्यंत पोचली. ऑटिस्टिक मुलांना चित्रंच दाखवायची, असा समज मात्र सगळीकडे पोचला. काही मुलांना चित्रांपेक्षा लिहिलेले शब्द जवळचे वाटतात. त्यांच्यापुढे आपण चित्रांचे तक्ते टांगत राहतो.

मिठीच्या यंत्राचंही तसंच. बाईंना दाबानं बरं वाटलं, हे खरं. म्हणून जड जाकिटं आणि जड पांघरुणं प्रत्येक मुलाला उपयोगी पडतील, असं होत नाही. ब्रिटनमध्ये ऑटिस्टिक मुलांवर जड पांघरुणाची पद्धतशीर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. मोजमाप केल्यावर झोप वाढलेली दिसली नाही. मुलांना आणि पालकांना मात्र ते पांघरूण साध्या पांघरुणापेक्षा आवडलं होतं. दोन्ही निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगे आहेत. आवडतं म्हणून द्यायला हरकत नाही. पण उपचार म्हणून पालकांना महागड्या वस्तू घ्यायला लावण्याआधी शिक्षकांनी आणि डॉक्टरांनी दहा वेळा विचार करावा.

दुसरी तक्रार प्रतिभेच्या प्रकरणाबद्दल. ‘आइन्स्टाइनचा दूरचा भाऊ’ अशा अर्थाचं शीर्षक असलेल्या या प्रकरणात आइन्स्टाइन, विट्गेनश्टाइन अशा थोरांमध्ये ऑटिझमच्या खुणा शोधल्या आहेत. मेलेल्या माणसाच्या चरित्रातल्या चार आठवणींवरून निदान करता येत नाही. उशिरा बोलू लागणं, एकटं राहणं, कपड्यांकडे लक्ष नसणं एवढं पुरेसं धरलं, तर गावातले निम्मे भजनी आणि सगळे गणिताचे मास्तर यादीत येतील. विज्ञानाची बाजू सोडा, वर्गात याचा परिणाम वाईट होतो. मूल ऑटिस्टिक आहे म्हटलं की पालक-शिक्षक त्याच्यात दडलेला आइन्स्टाइन शोधू लागतात. तो सापडला नाही की हिरमुसतात.

तिसरी तक्रार सगळ्यात महत्त्वाची. तिचा दोष पुस्तकापेक्षा ते वाचण्याच्या आपल्या पद्धतीकडे अधिक जातो. टेंपलच्या मागे काय काय उभं होतं ते मोजा. अडीच वर्षांपासून वाचा-उपचार, खेळ घेणारी दाई, मोजकी मुलं असलेल्या खाजगी शाळा, हार न मानणारी आई. तो काळ असा, की ब्रूनो बेटेलहाइम यांच्यासारखे नामवंत आईच्या थंडपणालाच ऑटिझमचं कारण ठरवत होते. डॉक्टर तर मुलीला संस्थेत ठेवा म्हणून सुचवत होते. त्या आईनं ते ऐकलं नाही. पण तिच्याकडे न ऐकण्याइतकी ऐपतही होती. यश सांगताना हे सगळं मागे पडतं आणि उरते ती एका जिद्दी मुलीची गोष्ट. मग आपण नकळत असं म्हणू लागतो, की या मुलांना शाळेत घ्या, कारण पुढे ती काही तरी मोठं करून दाखवतील. आणि न केलं तर? कधीच बोलू न शकणारी, आयुष्यभर आधार लागणारी ऑटिस्टिक मुलंही पुष्कळ आहेत. त्यांचा बाक कोणी द्यायचा?

या प्रश्नाचं उत्तर कायद्यानं दिलेलं आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनं ऑटिस्टिक मुलं स्पष्टपणे त्याच्या कक्षेत आली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यानं मान्य केलेल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी कराव्यात, असं हा कायदा शाळांना सांगतो. हुशारीची अट त्यात कुठेही नाही. पण कागदावरचा हक्क आणि सकाळी साडेदहाचा वर्ग यांच्यामध्ये शिक्षक उभा असतो. म्हणून माझ्याच एका वर्गाची गोष्ट सांगतो.

पंधराएक वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी सहावीला विज्ञान शिकवत होतो. वर्गातला एक मुलगा वहीत एसटीचं वेळापत्रक लिहीत बसायचा. स्टँडवरच्या फलकाचं सगळं पाठ. कुठली गाडी किती वाजता सुटते, कुठली मुक्कामाला जाते, कुठल्या फाट्यावरून वळते. प्रश्न विचारला तर उत्तर नाही, पण मधेच उठून सव्वाअकराची गाडी लागली म्हणून सांगायचा. मुलं हसायची. तीन-चारदा बजावलं, मग एक दिवस मी वही काढून घेतली. तो जे ओरडला ते शेजारच्या वर्गापर्यंत ऐकू गेलं. नंतर आठ दिवस तो शाळेत आला नाही. आई आली, तिनं काहीच तक्रार केली नाही, फक्त वही मागितली. मी ती उपकार केल्यासारखी परत दिली. सातवीनंतर त्यानं शाळा सोडली. त्याला काय होतं याचं निदान कोणी केलं नव्हतं आणि आज मीही ते करणार नाही. पण हे पुस्तक वाचताना कार्लॉक यांच्या पानापाशी मी बराच वेळ थांबलो. वेग, अंतर, वेळ हा पाठ मी त्याच महिन्यात शिकवला होता. उदाहरणं पुस्तकातली, अ गावाहून ब गावाला जाणाऱ्या आगगाडीची. खरी गावं, खऱ्या वेळा आणि खरी अंतरं माहीत असलेला मुलगा तिसऱ्या बाकावर बसला होता. मी त्याला एक प्रश्नही त्या वहीतून विचारला नाही.

तेव्हा पुस्तकातून वर्गात न्यायचं ते काय? माझ्या मते तीन गोष्टी.

एक, खोली तपासा. मुलाला बदलण्याआधी आवाज आणि उजेड बदलून पाहा. घंटेपासून आणि दारापासून लांबची जागा, लुकलुकणारी ट्यूब बदलणं, घंटा होणार असल्याची आधी खूण, गोंधळ असह्य झाला तर न विचारता जाऊन बसता येईल असा व्हरांड्याचा कोपरा. दिवसाचा क्रम फळ्याच्या कडेला लिहून ठेवा आणि तास बदलणार असेल तर आधी सांगा. याला पैसे लागत नाहीत. मात्र कुठला बदल कोणाला उपयोगी पडतो, हे करून आणि नोंदवूनच कळतं. एका मुलाला हवी असलेली शांतता दुसऱ्याला नकोशी असू शकते.

दोन, आपली भाषा तपासा. ‘डोकं चालव’, ‘कान उघडे ठेव’, ‘जरा हात चालव’, ‘तोंडाला कुलूप लाव’ ही वाक्यं आपण तासाला किती वेळा म्हणतो ते मोजून पाहा. शब्दाचा सरळ अर्थ घेणाऱ्या मुलाला यातून काहीच सूचना मिळत नाही. ‘वही उघड, तिसरा प्रश्न लिही’ हे त्याला कळतं. संकल्पनांचंही असंच. ग्रँडिन बाई एकेक कुत्रा पाहून कुत्रा म्हणजे काय ते ठरवतात. आपण मात्र व्याख्येपासून सुरुवात करतो. द्विदल म्हणजे काय हे सांगण्याआधी हरभरा, वाटाणा, शेंगदाणा, मका, गहू भिजत घालून मुलांच्या हातात दिले, तर त्या एका मुलाची सोय होते आणि बाकीच्या साठांचंही बिघडत नाही.

तीन, ध्यासाला वैरी समजू नका. तो अभ्यासाचा दरवाजा होतोच असं नाही. कधी कधी ते फक्त मुलाचं विसाव्याचं ठिकाण असतं. तेवढं असलं तरी पुरे. विसावा हिरावून घेऊन कोणी शिकत नाही.

साठ मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकानं हे कसं करायचं, हा प्रश्न खरा आहे आणि पुस्तकात त्याचं उत्तर नाही. मदतीला विशेष शिक्षक हवा, पटसंख्या कमी हवी, प्रशिक्षण हवं. हे मागत राहिलंच पाहिजे. पण वही काढून घेताना मला पटसंख्या आड आली नव्हती. तेव्हा ‘का?’ हा प्रश्न विचारला असता तर तेवढ्यापुरतं पुरलं असतं.

म्हणून पुस्तक जरूर वाचा. ग्रँडिन बाईंची हुशारी पाहून थक्क व्हा, पण ती आपल्या वर्गातल्या मुलांवर मोजपट्टीसारखी लावू नका. आणि वाचून झाल्यावर विल्यम कार्लॉक यांच्याबद्दलची ती थोडी पानं पुन्हा एकदा वाचा. ती आपल्याबद्दल आहेत.